ती सिस्टर

"हात लावण्याआधी बाईला विचारा," असं प्रशिक्षण शिबिरात सांगितलं, तेव्हा प्रेमलाबेन फिसकन हसल्या होत्या. बडोद्याच्या त्या प्रसूतिगृहात एकवीस वर्षं काढलेली सिस्टर. बाळंतपणं काय परवानगी घेऊन होतात? पण आता नव्या फॉर्मवर मागच्या बाळंतपणाबद्दलही प्रश्न छापून आला होता, म्हणून सकाळी दाखल झालेल्या मधुवंतीला त्यांनी तो विचारला.

"मागच्या खेपेला कशाचा त्रास झाला होता का?"

मधुवंतीने पाय आवळून घेतले. "पहिलं इथंच झालं. मी ओरडले, तर एका सिस्टरनं मांडीवर फाडकन चापट मारली. तोंडाला मास्क होता तिच्या. म्हणाली, 'तेव्हा गोड लागलं ना? मग आता बूम कशाला पाडतेस?'"

प्रेमलाबेनचं पेन थांबलं. हे वाक्य त्या वॉर्डात त्यांच्याशिवाय दुसरं कुणीच बोलत नसे.

त्या दिवशी त्यांनी दर वेळी विचारलं, "हात लावू का?" आणि ती 'हो' म्हणेपर्यंत हात मागेच ठेवला. मधुवंती हवी तेवढी ओरडली. कुणी तिला गप्प केलं नाही. दुपारी मुलगी झाली.

"खरं सांगू, बेन?" मधुवंती हसत, रडत म्हणाली, "आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. तीच सिस्टर पुन्हा समोर आली तर, म्हणून."

प्रेमलाबेननी विचारूनच तिच्या अंगावर चादर घातली.

"झोप निवांत. ती सिस्टर आता इथं नसते."