मोठा सायब

लढाई लागली तशी दिग्विजयची पलटण आसामातून उचलून पश्चिम सीमेवरच्या कमांडकडे सोपवली. कवठे महांकाळला त्याच्या आईचा जीव थाऱ्यावर राहिना. “सायबबी परका. माज्या लेकराला कोण बगंल?” सुलाबाई शेजारच्या निवृत्त सुभेदारांना विचारी. “आवं, लढाईत त्या मुलखातल्या समद्या पलटणी एकाच सायबाच्या हाताखाली असत्यात,” ते सांगत. तिला पटेना. चार महिन्यांनी दिग्विजय पायाची जखम भरल्यावर सुट्टीवर आला. “आमी तिथं नवखे, आई. तरी त्या मोठ्या सायबानं पयलं हेलिकॉप्टर आमच्यासाठी धाडलं. म्हणून पाय वाचला.” सुलाबाईनं डोळ्याला पदर लावला. तो परत निघाला तेव्हा तिनं घरच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी पुढं केली. “त्या सायबाला दे.” “मी त्येला कवा बगितलंबी न्हाई!” “मग तुज्या सायबाकडं दे, त्यो त्येच्या सायबाकडं दील. म्हणावं, आईनं धाडलीया.”