खाली ठेव

लग्नाला वर्ष झालं तरी सासरे माझ्या हातून चहाचा कप घेत नसत. "खाली ठेव," म्हणायचे, तेही वर न बघता. मग मीही कप आपटूनच ठेवायला लागले.

आज ते डबा विसरले, म्हणून मी तो विजेच्या तारांच्या कामावर घेऊन गेले. क्रेनभोवती अर्थिंगची लोखंडी जाळी अंथरलेली होती आणि ते घामाघूम होऊन तिच्यावर उभे होते. मी डबा पुढे केला.

"खाली ठेव! आणि लांब हो!"

चारचौघांत असे ओरडले की माझे डोळेच भरून आले.

काम थांबल्यावर ते दोन्ही पाय जुळवून जाळीवरून उतरले आणि डब्यापाशी मटकन बसले.

"क्रेन तारेला लागली तरी जाळीवरचा वाचतो," ते दमलेल्या आवाजात म्हणाले. "पण बाहेरच्यानं त्याला काही हातात दिलं, तर वीज त्याच्यातून जमिनीत उतरते आणि बाहेरचा जातो. धाकट्या भावानं मला पाण्याची बाटली दिली होती. मी हात पुढे केला."

डबा त्यांनी उघडलाच नाही.

संध्याकाळी त्यांनी म्हणायच्या आधीच मी कप खाली ठेवला. अजिबात आवाज होऊ दिला नाही.