रामराम, विहीणबाई

"रामराम, विहीणबाई. केव्हा आल्या ढाणकीहून?"

किसनरावांनी अंगणात हात जोडले. समोर मैनाबाई उभी होती. त्यांची बायको.

नागपूरहून आलेल्या गाडीतून उतरून त्यांना पाच मिनिटंही झाली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे डोळे आले, चिघळले, दोन्ही बुबुळांवर फूल पडलं आणि दिसणं बंद झालं. महिन्यापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यात कुणा मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवलं होतं. त्यांचा मुलगा कपिल तिकडे त्यांच्याजवळ राहिला. घरी कापसाची वेचणी, दोन म्हशी. मैनाबाईला मारेगावजवळचं आपलं गाव सोडून नागपूरला जाता आलं नव्हतं.

आज सकाळी तिने सुनेजवळचा मोगऱ्याचा साबण मागून घेतला. दोनदा अंग घासलं, केस धुतले, घडी न मोडलेलं पातळ नेसली. सुनेने, प्रेरणाने, पावडर लावली तर तीही लावून घेतली. आणि सगळ्यांना बजावलं, कोणी काही सांगायचं नाही. ते आपले आपण ओळखतील.

फाटकातून आत येताना किसनरावांनी शेजारच्या रामधनला ओळखलं होतं. तंबाखूच्या वासावरून आधी, तोंडावरून मग. कधीच न पाहिलेल्या प्रेरणालाही ओळखलं. तिच्या हातांना शिलाई मशीनच्या तेलाचा वास असे, तो लांबूनच आला. मग ते या दुसऱ्या बाईसमोर थांबले. दोनदा श्वास ओढला. साबण, पावडर, कोऱ्या कापडाची खळ. लग्नाला आलेल्या पाहुण्यांचा असतो तसला वास. डोळ्याला अजून धुरकट दिसत होतं, तरी पांढरे केस दिसले, ओघळलेले गाल दिसले. सुनेची आई ढाणकीहून भेटायला आली असावी, असं त्यांना वाटलं.

रामधनला हसू आलं. ते त्याने खोकल्यात दाबलं.

"बाबा, माय हाय थे," कपिल म्हणाला.

मैनाबाई पदर डोक्यावर ओढून आत निघून गेली. किसनराव तसेच हात जोडून उभे होते. त्यांनी कपिलला, खरंच का, असं दोनदा विचारलं. त्यांना लाज वाटत होती, पण नेमकी कशाची ते कळत नव्हतं. बायको ओळखू आली नाही याची, की ती एवढी म्हातारी दिसली याची.

कपिल आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी जसं समजावलं होतं तसं त्याने तिला समजावलं. डोळ्यांचं काम करणारा मेंदूतला भाग अकरा वर्षं रिकामा होता. मेंदू अशी जागा रिकामी ठेवत नाही. नाकाने आणि कानाने तिथे आपलं काम पसरवलं. बाबांचं नाक काही आपल्यापेक्षा वेगळं झालेलं नाही, पण आपण सोडून देतो तेवढ्याशा वासातून त्यांचा मेंदू माणूस ओळखायला शिकला. पडीत वावर शेजाऱ्याने अकरा वर्षं वाहिलं-पेरलं, तर मालक आला म्हणून तो एका दिवसात नांगर काढून नेतो का? काही महिने लागतील, माय.

मैनाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "मंग माहा वास कसा व्हता?"

मैनाबाईने स्वतःचं मनगट नाकाशी नेलं. साबणाशिवाय तिला कसलाच वास आला नाही.

पाहुण्यांसारखं बसून भागणार नव्हतं. तिने रोजचं जुनं पातळ नेसलं, गोठ्यात जाऊन सरकीची ढेप कालवली, दोन्ही म्हशींच्या धारा काढल्या. परत येऊन चुलीवर चहा ठेवला. ओलं लाकूड पेटेना, तेव्हा बराच वेळ फुंकत बसली.

किसनराव ओसरीवर खाटेवर बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. येणारी-जाणारी माणसं पाहत होते. मैनाबाई कप घेऊन दारात आली. तिच्या पायांचा आवाज झाला नव्हता.

"मैना," ते म्हणाले.

आणि वळले. तिने पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावर उमललेलं काहीतरी तिच्याकडे नजर जाताच विस्कटलं. ते कपाळाला आठ्या घालून तिच्या तोंडाकडे पाहू लागले, अनोळखी गावाची पाटी वाचावी तसे.

"काय पाहून राह्यले?"

"तू आली ते वासानंच कळलं मले," ते हळू आवाजात म्हणाले. "वळलो, तं तू गेली. अन् हे बाई उभी. बोलते तुह्याच आवाजात." मग त्यांनी खाली मान घालून सांगितलं, "दोघी एका जागी येऊनच नाही राह्यल्या, मैना. मी काय करू?"

मैनाबाईने कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नीट धरला आहे ना ते पाहिलं. मग उंबरठ्यावर बसली.

"मले बी आरशात तसंच होते," ती म्हणाली. "कोण हाय हे बाई, म्हन्ते मी."

किसनराव मग खाटेवर थोडे सरकले आणि तिच्यासाठी जागा केली.