सही केलेली बाटली

लेकीच्या बिअरच्या कारखान्यात ग्लास नाकाशी धरून अप्पा बराच वेळ नुसता वास घेत राहिले. दारूबंदी खात्यात तीस वर्षं त्यांनी हातभट्ट्या फोडल्या. पकडलेली दारू ते वासावरूनच ओळखायचे. जिभेला कधी थेंब लावला नाही. म्हणून तर शाल्मलीने बिअर बनवायचं लायसन्स काढलं, तेव्हापासून तीन वर्षं ते लेकीशी धड बोलले नव्हते.

"काकवी घातलीयस," ते म्हणाले. "गुऱ्हाळाच्या चुलवणाचा धूरही आहे जरा."

"हो. या एल बिअरच्या दोनशेच बाटल्या केल्यात. खूप कडक आहे, अप्पा. नको तर राहू दे."

अप्पांनी घोट घेतला. तोंड वेडंवाकडं झालं, मग हळूहळू सैल पडलं. त्यांनी आणखी एक घोट घेतला.

मग त्यांनी एक बंद बाटली पुढे ओढली, बुचावर कागदाची पट्टी चिकटवली आणि जप्तीच्या मालावर करायचे तशी तिच्यावर सही केली. शाल्मलीने लायसन्सची फाइल पुढे सरकवली.

"आजवर सही केलेली प्रत्येक बाटली कोर्टात गेली," अप्पा म्हणाले. "ही आपल्या घरी न्यायची."