डावी घळ

लेखकाने प्रुफावरच्या 'डावी' या शब्दावर काट मारली, वर 'उजवी' लिहिलं आणि नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली.

दारात एक निवृत्त बस-ड्रायव्हर उभा होता. गेल्या वर्षी लेखकाच्या पुस्तकाच्या भरवशावर शिखर चढायला गेलेला आणि घळीतल्या दगडांखाली सापडलेला मुलगा याचाच. आता आली का पंचाईत! लेखकाने त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि प्रुफावर हळूच वर्तमानपत्र सरकवलं.

पुस्तक काही जाडजूड नव्हतं. जिकडे सहसा कोणी फिरकत नाही अशा दूरच्या डोंगररांगेतली अडतीस शिखरं आणि त्यांच्या वाटा. पहिल्याच पानावर ठसठशीत छापलं होतं, की यातली प्रत्येक वाट लेखक स्वतः माथ्यापर्यंत चढून आला आहे. सदतीस वाटांपुरतं ते खरं होतं.

"दुसरी आवृत्ती निघतेय म्हणे," ड्रायव्हर म्हणाला. "एक काम होतं तुमच्याकडे. नाही म्हणू नका."

"बोला ना."

"आमच्या पोराचं त्यात लिहा. नाव नका घालू. एवढंच, की एकाने पुस्तकातली वाट सोडली आणि जिवाला मुकला. दुसरी पोरं तरी शहाणी होतील."

'वाट सोडली असावी' हे लेखकाचेच शब्द. शोधपथकाने विचारलं तेव्हा तोंडातून निसटले, पेपरात छापून आले आणि मग ते परत घ्यायची त्याची छाती झाली नाही. नवी आवृत्ती निघाली की गुपचूप दुरुस्त करू, कोणाला पत्ता लागायचा नाही, अशी वर्षभर तो स्वतःची समजूत घालत आला होता. त्याची त्यालाच शिसारी आली.

"चौतीस वर्षं बस चालवली मी," ड्रायव्हर सांगत होता. "पाटीवर लिहिलंय तसंच वळायचं. पोरालाही तेच शिकवलं. पण ऐकेल तर शपथ."

हे मात्र लेखकाला ऐकवेना. तो उठला, कपाटातून पुस्तकाची जुनी प्रत काढली आणि ते पान उघडून ड्रायव्हरच्या हातात दिलं. ड्रायव्हरने चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून वाचलं.

"'शिखराच्या खांद्यावरून डावी घळ धरावी. चढ सोपा. वीस मिनिटांत माथा.'" बोट थांबलं. "डावी? तो डावीतच सापडला."

"हो."

"मग चुकला कुठे?"

"तो नाही चुकला. मी खांद्यापर्यंतच गेलो होतो. जोडीदाराला ताप भरला, वरून धुकं उतरलं, परत फिरलो. त्याआधी दुर्बिणीतून जेवढं दिसलं, त्यावर पुढचं लिहिलं. एका शिखरापायी अख्खं पुस्तक कशाला अडवायचं, म्हटलं. डावीत दगड सुटतात, हे मागाहून कळलं. खरी वाट उजवीकडून आहे."

लेखक शिव्यांची वाट बघत बसला. कानाखाली बसली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. ड्रायव्हरने पुस्तक मिटलं, चष्मा घडी करून खिशात ठेवला.

"वर्ष झालं," तो म्हणाला, "जेवायला बसलो की त्याच्या आईसमोर त्याला नावं ठेवतोय. आडमुठा होता, बापाचं ऐकलं नाही, म्हणून गेला. ती मान खाली घालून वाढते. एकदाच म्हणाली, तो असं करणार नाही हो. तर मी तिच्यावर खेकसलो."

तो दाराशी गेला. लेखकाच्या चपला वाकून सरळ करून ठेवल्या.

"चला. ती घरीच आहे. तुम्हीच सांगा. मला आता तिच्यासमोर तोंड राहिलं नाही."