शेवटाच्या आधीचा चहा

पडद्यावर ती चोरीची गाडी पडक्या कोठारामागे थांबली आणि हेमचंद्र सवयीनं सोफ्यावरून उठले.

"बाबा, कुठे?" सावनीनं विचारलं.

"चहा टाकतो."

"कोणासाठी?"

खरंच की, कोणासाठी? त्यांच्याकडे चहा मागणारी बायको जाऊन महिना होत आला होता. ते पुन्हा खाली बसले. वाईट वगैरे काही वाटलं नाही. हल्ली त्यांना काहीच वाटत नव्हतं.

हा सिनेमा सुलेखाचा फार लाडका. मंदीच्या काळातली गोष्ट. पोटाला नाही म्हणून बँका लुटत सुटलेली दोन तरुण पोरं, तो आणि ती, एकमेकांवर जीव टाकणारी. डब्लिनमध्ये घर घेतल्यापासून दर हिवाळ्यात एकदा तरी तो लागायचाच. आणि गाडी कोठारामागे थांबली की सुलेखा हमखास म्हणायची, "अहो, चहा टाका ना." की निघाले हे आलं किसायला! चहा घेऊन येईपर्यंत पडद्यावर नावं सरकत असायची. "संपला?" "संपला. बसा, गार होईल." इतक्या वर्षांत या गृहस्थांनी शेवट काही पाहिला नव्हता, आणि कधी विचारलाही नव्हता.

शेवटच्या दिवशीही तिनं तेच मागितलं. हॉस्पिटलच्या खाटेवरून, अगदी बारीक आवाजात. "अहो, चहा आणा ना." हे लगबगीनं खाली कॅफेटेरियात गेले. लाइन होती. वर आले तेव्हा नर्स पडदा ओढत होती. कागदी कप हातात तसाच.

त्या कपानं माणसाचा दगड केला. एरवी हे कसे, तर जाहिरातीतलं कुत्रं हरवलं तरी नाक ओढणारे. पण सुलेखाला निरोप देताना डोळ्यांतून टिपूस नाही. इथल्या मराठी मंडळाची माणसं डबे घेऊन आली. त्यांतल्या प्रीताकाकू "रडा हो, मोकळे व्हा" म्हणत स्वतःच रडून गेल्या. हे आपले दारातल्या बुटांकडे बघत उभे. डोक्यात एकच गोष्ट, एका कप चहापायी मी तिच्याजवळ नव्हतो. सावनीला त्यांनी ते फोनवर एकदाच सांगितलं, तेही उद्याचं हवामान सांगावं तसं. पोर घाबरली. नोकरीच्या गावाहून, हर्नडनहून, सुट्टी टाकून आली, आणि आज भर दुपारी आईचा सिनेमा लावून बसली. बाबांच्या आत काहीतरी हलू दे, एवढंच तिला हवं होतं.

"आज पूर्ण बघा, बाबा. आई मला नेहमी सांगायची, बाबांना एंड दाखवू नकोस, ही विल क्राय फॉर अ वीक."

हेमचंद्र बघत राहिले. त्या पोरीला गोळी लागली होती. ती कोठारात पेंढ्यावर पडली होती आणि तो तिचा हात धरून बसला होता. फळ्यांच्या फटीतून तिला लांबवर धूळ दिसली. पोलिसांच्या गाड्या येत होत्या. त्याची पाठ तिकडे होती. ती त्याच्याकडे बघून हसली. म्हणाली, तहान लागली रे, ओढ्यावरून पाणी आण ना. तो पळतच गेला. तो टोपीत पाणी भरत असतानाच मागे गोळ्यांचा आवाज सुरू झाला. काठावर तो भरलेली टोपी धरून उभा राहिला. जिवंत राहिला. सिनेमा संपला.

नावं सरकू लागली. सावनीनं वळून पाहिलं. हेमचंद्रांचा उजवा हात गुडघ्यावर कप धरल्यासारखा वळला होता. मग त्यांच्या गळ्यातून असा काही हुंदका फुटला की सावनी धावत त्यांच्याजवळ गेली.

"अगं, तिला दोन दिवस पाण्याचा घोटसुद्धा गिळवत नव्हता," ते म्हणाले. "मग चहा कसला मागितला तिनं?"