माघारी फिरलेला

माळावर दगडांचा ढीग दिसला तसे बाबा म्हणाले, "थांबव गं, देव आहे."

तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, ऑस्ट्रेलियात आला म्हणून वाटेतल्या देवाला थोडाच टाळणार?

"देव नाही हो, स्मारक आहे," केतकी हसली आणि पाटी वाचू लागली. "एक गोरा नवा मुलूख शोधत आला, इथं पाणी संपलं, माघारी फिरला."

तरीही बाबांनी चपला काढून हात जोडले. उद्या त्यांचं एकट्याचं विमान होतं. तू कधी परतणार, असं त्यांनी महिनाभरात एकदाही विचारलं नव्हतं.

"काय मागितलंत?"

"तो घरी पोचला तेव्हा त्याच्या बापाला काय वाटलं असेल, तेवढंच आलं मनात."

पाटीवरची शेवटची ओळ केतकीनं वाचून दाखवली नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला आणि इथलाच झाला.